सोबतीची तालीम

मराठीत ‘तालीम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिलवान जिथे कसरत करतात, ती जागा म्हणजे तालीम. नाटक किंवा गाणे लोकांसमोर सादर करण्यापूर्वी त्याचा जो सराव करतात, तीही तालीम. तुम्ही मात्र घरी आणि शाळेत हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच आहे. तो मूळचा अरबी. मराठीत येता येता तो आखाड्यात शिरला आणि रंगमंचाच्या मागेही जाऊन बसला.

वर्धा जिल्ह्याला हा शब्द नवा नाही. १९३७ साली ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला देशातील शिक्षणतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. मुलांनी हातांनी काम करत शिकावे, असा विचार तेथे मांडला गेला. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि डॉ. झाकीर हुसैन तिचे अध्यक्ष झाले. हेच झाकीर हुसैन पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणपद्धतीला ‘नई तालीम’ असे नाव पडले. सूतकताई, शेती, गणित, मातृभाषा यांच्याबरोबर तिच्यात संगीत हाही विषय होता आणि मुलांनी एकत्र गावे यावर भर होता.

आज आपण ज्या तालमीची माहिती घेणार आहोत, ती महाविद्यालयात होते. दहावी-बारावी झाल्यावर तुमच्यापैकी काही जण वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव किंवा देवळी येथील महाविद्यालयांत जातील. तेथे सूचनाफलकावर एक दिवस ‘युवक महोत्सव’ असे शब्द दिसतील. बहुतेक विद्यार्थी तो कागद वाचून पुढे निघून जातात. आपल्याला गाणे शिकलेले नाही, आपल्याकडे वाद्य नाही, आपले मराठी बरोबर नाही, अशी कारणे मनात येतात. खरे तर गाण्याबजावण्याचा कोणताही वर्ग न केलेल्या मुलाला वाद्यवृंदात वाजवायला शिकण्यासाठी आपल्या जिल्ह्यात याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

आधी ही व्यवस्था समजून घेऊ. वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. तुकडोजी महाराज खंजिरी वाजवून भजने म्हणत आणि हजारो लोक त्यांच्या मागून ती म्हणत. १९३६ साली ते सेवाग्रामला गांधीजींकडे राहून गेले होते. हातात खंजिरी असलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला मिळावे, ही गोष्ट मला फार आवडते.

दरवर्षी विद्यापीठ आपल्या महाविद्यालयांचा युवक महोत्सव घेते. त्यातून निवडलेले विद्यार्थी पुढच्या पातळीवर जातात. महाराष्ट्रातील विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ नावाचा महोत्सव २००३ पासून भरतो. देशभरातील विद्यापीठांचेही महोत्सव असतात. या महोत्सवांत एकट्याने गाण्याच्या आणि वाजवण्याच्या स्पर्धा असतात, तशाच भारतीय समूहगीत, पाश्चात्त्य समूहगीत आणि लोकवाद्यवृंद अशा गटाच्या स्पर्धाही असतात. समूहगीतात साधारणपणे सहा गायक आणि तीन साथीदार असतात. वेळ दहा मिनिटांची. चित्रपटातील गाणी चालत नाहीत. हा नियम मुलांना जाचक वाटतो, पण त्याचा एक फायदा होतो. तयार गाण्याची नक्कल करता येत नसल्यामुळे नवे गीत घ्यावे लागते, त्याला चाल लावावी लागते आणि कोणते वाद्य कुठे वाजेल हे स्वतः ठरवावे लागते. आपल्या काळात रचलेले, आपल्याच हातांनी घडवलेले संगीत म्हणजे समकालीन संगीत. ते वर्ध्याच्या एखाद्या वर्गखोलीतही तयार होऊ शकते.

आता समजा, अशा एका वर्गखोलीत तालीम सुरू आहे. एका मुलीसमोर हार्मोनियम आहे. एक मुलगा गिटार घेऊन आला आहे. तिसऱ्याकडे ढोलक आहे. त्याच्या मोहल्ल्यात लग्नसराईत तो ढोलक वाजवतो; त्याला स्वरांची नावे ठाऊक नाहीत, पण ठेका पक्का आहे. गाणारे सहा जण आहेत. सगळे जण आपापल्या परीने चांगले आहेत. एक-दोन-तीन म्हणून सुरुवात होते आणि जो आवाज निघतो, तो ऐकून शेजारच्या वर्गातले प्राध्यापक दार लावून घेतात.

काय चुकले? पहिली चूक पट्टीची. गाण्याचा ‘सा’ कुठे धरायचा, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. मुलांना साधारणपणे काळी एक किंवा काळी दोन ही पट्टी सोयीची असते. मुलींची पट्टी बरीच वर असते. म्हणून मुले आणि मुली एकत्र गात असतील, तर मधली एखादी पट्टी निवडावी लागते. पट्टी बदलली की प्रत्येक वाद्याची अडचण निराळी असते. हार्मोनियमवर दुसरी पट्टी धरून वाजवता येते, पण तिचे सूर खोलीत बसून उतरवता-चढवता येत नाहीत. गिटारच्या तारा पिळता येतात किंवा तिच्या मानेवर कॅपो नावाची पकड लावता येते. बासरीला तर पट्टीप्रमाणे दुसरी बासरीच घ्यावी लागते. म्हणून नियम असा, की ज्या वाद्याला हलता येत नाही, त्याच्याशी इतरांनी जुळवून घ्यायचे. हार्मोनियम जागची हलत नाही. तेव्हा गिटार, तबला आणि गळा यांनी तिच्याकडे यायचे.

सूर जुळला की नाही, हे कानाला कसे कळते? दोन तारा जवळजवळ सारख्या, पण थोड्या वेगळ्या लागल्या असतील, तर आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. एक तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी ४४२ वेळा, तर दर सेकंदाला अशा दोन लाटा ऐकू येतात. तार हळूहळू पिळत गेले की लाटा मंद होतात आणि शेवटी थांबतात. लाट थांबली की सूर मिळाला. हे एकदा कानाने पकडले, की ते आयुष्यभर विसरत नाही. मोबाईलवर सूर दाखवणारे काटे आता सहज मिळतात. ते जरूर वापरावेत, पण आधी कानाने जुळवून नंतर काट्याकडे पाहावे. उलट क्रम लावला, तर डोळे शिकतात आणि कान तसाच राहतो.

दुसरी अडचण लयीची. ढोलकवाला मुलगा वरातीत वाजवणारा. वरातीत उत्साह वाढतो, तशी लय वाढत जाते आणि कोणाची तक्रार नसते. समूहगीतात मात्र लय वाढली, की तिसऱ्या कडव्यात गाणाऱ्यांचे शब्द तोंडात मावत नाहीत. त्यासाठी गाण्याची गती आकड्यात ठरवतात. मिनिटाला ६० मात्रा म्हणजे घड्याळाच्या सेकंदकाट्याची चाल. मिनिटाला १२० मात्रा म्हणजे तिच्या दुप्पट. सुरुवातीचे काही दिवस ठरलेल्या गतीपेक्षा मुद्दाम सावकाश वाजवतात. सावकाश वाजवणे सोपे आहे, असे तुम्हांला वाटेल. करून पाहा. हात सारखे पुढे धावतात.

लयीच्या बाबतीत एक भौतिकशास्त्राची गंमतही आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिरवणुकीत ताशेवाला ३४ मीटर पुढे असेल, तर त्याचा ठोका मागच्या ढोलवाल्याला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मागच्याने तो ऐकून वाजवला आणि त्याचा आवाज पुढे परत गेला, तर आणखी तेवढाच उशीर. म्हणून मोठ्या वाद्यवृंदात संचालकाच्या हाताकडे पाहून वाजवतात. उजेडाला असा उशीर होत नाही. वर्गखोलीत मुले गोल करून बसली, तर हा प्रश्न उरत नाही. शिवाय सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात. तालमीत गोल करून बसण्याचे हे खरे कारण.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आपल्या शास्त्रीय संगीतात एकच सुरावट पुढे चालते. साथीदार तिला आधार देतात. पाश्चात्त्य संगीतात निरनिराळे स्वर एकाच वेळी वाजतात. सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम छेडले की गिटारवर एक कॉर्ड तयार होतो. आजच्या गाण्यांत या दोन्ही पद्धती एकत्र येतात आणि तिथेच गाडी अडते. समजा, गाण्याची चाल भूप रागावर आहे. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत. म आणि नी नाहीत. गिटारवाला सवयीने म-ध-सा हा कॉर्ड वाजवतो आणि नको असलेला मध्यम घरात शिरतो. प-नी-रे हा कॉर्ड घेतला, तर निषाद येतो. मग उरतात दोनच कॉर्ड : सा-ग-प आणि ध-सा-ग. गिटारवाल्याला हे फार थोडे वाटते. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर त्याने या दोन कॉर्डांतच निरनिराळ्या प्रकारे छेडून रंग भरावा; किंवा सर्वांनी मिळून ठरवावे, की अमुक ओळीत आपण जाणूनबुजून मध्यम आणणार आहोत. दुसऱ्या उपायालाही माझी हरकत नाही. न कळत झालेली चूक आणि समजून केलेला बदल यांत फरक आहे आणि तो ऐकणाऱ्याला कळतो.

असे ठरवण्याच्या कामाला संगीत संयोजन म्हणतात. कोणी कुठे वाजवायचे, हे त्यात असते. त्याहून जास्त महत्त्वाचे म्हणजे कोणी कुठे थांबायचे. नवख्या वाद्यवृंदात प्रत्येक जण पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत वाजवत राहतो. जत्रेतल्या पाच दुकानदारांनी एकदम हाका माराव्यात, तसा तो प्रकार होतो. बासरीची चार मात्रांची नाजूक जागा असेल, तर त्या चार मात्रा ढोलकाने हात मांडीवर ठेवायचे. त्या मोजत बसणे हेही वाजवणेच आहे. ढोलकवाल्याला ते आठवडाभर पटत नाही. आपल्याला गप्प बसवले, याचा त्याला राग येतो. मग कोणीतरी मोबाईलवर तालीम ध्वनिमुद्रित करते आणि सगळे मिळून ती ऐकतात. चार मात्रा थांबल्यानंतर ढोलकाची जी थाप पडते, ती किती उठून दिसते, हे त्याला स्वतःच्याच कानांनी ऐकू येते.

तुम्ही कव्वाली ऐकली असेल. तीही एक प्रकारे वाद्यवृंदच आहे. मुख्य गायक एक ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. टाळ्या लय धरून ठेवतात. हार्मोनियम गळ्याच्या मागोमाग जाते. मुख्य गायक एखाद्या शब्दावर रेंगाळला, तर सगळे त्याच्यासाठी थांबतात आणि तो समेवर आला, की एकदम उसळतात. कोणाच्याही समोर कागद नसतो. कव्वालांच्या घरात मूल लहानपणापासून मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते आणि ऐकून शिकते. महाविद्यालयात इतका वेळ नसतो. म्हणून तेथे स्वरलिपी लागते. कोणी सारेगम लिहून घेतो, कोणी कॉर्डांची अक्षरे लिहितो. ज्याला यातले काहीच वाचता येत नाही, त्याला नावे ठेवण्याची चूक काही जण करतात. कानाने शिकलेला मुलगा गाणे दोनदा ऐकून पाठ करतो; कागदावर वाजवणाऱ्याचा कागद वाऱ्याने उडाला, तर त्याला यानेच सावरायचे असते. दोघांनी एकमेकांकडून शिकले, तर दोघांचाही फायदा.

कानाने शिकलेल्या वादकांचा मोठा वाद्यवृंद आपल्या देशात यापूर्वी झालेला आहे. मध्य प्रदेशातील मैहर येथे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ राहत असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साथीच्या रोगात अनेक मुले पोरकी झाली. त्यांना गोळा करून उस्तादांनी वाद्ये शिकवली आणि ‘मैहर बँड’ उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी ‘नलतरंग’ नावाचे वाद्यही तयार केले. उस्तादांचे शिष्य पंडित रविशंकर यांनी पुढे दिल्लीला आकाशवाणीचा वाद्यवृंद घडवला.

मुंबईत हे काम चित्रपटांच्या स्टुडिओत झाले. गोव्याच्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत. नौशाद यांच्यासारख्या संगीतकारांबरोबर त्यांनी काम केले. स्टुडिओत भारतीय वादक ऐकून वाजवत आणि गोव्याचे वादक कागदावरून वाजवत. या दोघांना एका रचनेत आणण्याचा ध्यास गोन्साल्विस यांनी घेतला. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात गुरूंचे नाव आले, ते प्यारेलाल यांच्यामुळे. त्या गाण्यावर सारा देश नाचला. हा अँथनी कोण, हे फार थोड्यांना माहीत होते.

आणि तबलानवाज उस्ताद झाकीर हुसैन. नाव तेच, माणूस वेगळा. ते मुंबईचे. १९७३ साली इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर त्यांनी ‘शक्ती’ हा वाद्यवृंद सुरू केला. त्यात तबला आणि गिटार होतेच. शिवाय दक्षिणेचे व्हायोलिन आणि घटम् होते. तबलावादक आणि घटम्‌वादक एकमेकांच्या बोलांना उत्तरे देत. पन्नास वर्षांनंतर, २०२४ मध्ये, ‘शक्ती’ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीर हुसैन यांचे निधन झाले. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी प्राध्यापक म्हणूनही शिकवले होते. परदेशातील अनेक विद्यापीठांत वाद्यवृंदात वाजवणे हा अभ्यासाचा विषय असतो आणि त्याला गुणही मिळतात. आपल्याकडे ते बहुधा तास संपल्यावर करायचे काम आहे.

तास संपल्यावरच्या या वेळेलाही मर्यादा असते. आर्वीकडे जाणारी एस.टी. चुकून चालत नाही. मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचायचे असते. महाविद्यालयाची हार्मोनियम एकच असते आणि तिची किल्ली सुटीवर गेलेल्या शिपायाच्या खिशात असते. कधी वीज जाते आणि कीबोर्ड मुका होतो. मग ढोलक, हार्मोनियम आणि टाळ्या यांच्यावर तालीम चालते. मला तर वाटते, आठवड्यातून एकदा वीज जाणे वाद्यवृंदाच्या फायद्याचे आहे. मोठा आवाज बंद झाला, की लहान आवाजांतल्या चुका सापडतात.

आता तुमच्या मनातील शेवटची शंका. आपले मराठी बरोबर नाही, तर मराठी समूहगीतात आपल्याला कोण घेईल? सहा गायकांचा आवाज एक वाटायचा असेल, तर सहाही जणांचे उच्चार एकसारखे हवेत. पाच जणांनी ‘आभाळ’ म्हटले आणि एकाने ‘आभाल’, तर ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. ‘ळ’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते. तालमीत रोज पाच मिनिटे हा सराव केला, तर महिन्याभरात तो जमतो. मग बोलतानाही जमतो. मात्र याच गटाने दुसऱ्या वर्षी गझल किंवा कव्वाली घेतली, तर ‘ख़्वाब’ आणि ‘ग़म’ यांतील अक्षरे घशातून कशी काढायची, हे मराठी माध्यमातील मुलांना तुम्हीच शिकवणार आहात.

वाद्यवृंदाचा पहिला धडा तुमच्या वर्गातही घेता येईल. त्यासाठी कोणतेही वाद्य लागत नाही. वर्गाचे दोन गट करा. एका गटाने दादरा धरावा. त्याच्या सहा मात्रा. पहिल्या मात्रेवर जोरात टाळी, बाकीच्या बोटांवर मोजायच्या. दुसऱ्या गटाने केहरवा धरावा. त्याच्या आठ मात्रा. त्यांचीही पहिली टाळी जोरात. दोन्ही गटांनी एकाच क्षणी, एकाच गतीने सुरुवात करावी. पहिली टाळी एकत्र पडेल. त्यानंतर टाळ्या सुट्या होतील, कधी यांची, कधी त्यांची आणि दुसऱ्या गटाच्या टाळीकडे लक्ष गेले की आपली मात्रा चुकेल. न थांबता मोजत राहा. दादऱ्याची चार आवर्तने आणि केहरव्याची तीन आवर्तने झाली, की चोवीस मात्रा पूर्ण होतात. पंचविसाव्या मात्रेवर सगळ्या वर्गाची टाळी पुन्हा एकत्र पडते.